आधी घरातलं उचला, मग तुमचं उतरवा: मुलं आणि पाळीव प्राण्यांसह फर्निचरसकट भाड्याच्या घरात

महिना-दोन महिन्यांसाठी फर्निचरसकट मिळणारं घर ज्याला डोळ्यांसमोर ठेवून मांडलेलं असतं, तो माणूस एकटा असतो, लॅपटॉपवर काम करतो आणि त्याच्या हातून काही सांडत नाही. म्हणून टीपॉय काचेचा, सोफा पांढरा, खिडकीत फुलदाणी आणि कोपऱ्यात एका दांडीवर डुगडुगणारा उंच दिवा. त्या घरात दीड वर्षाचं मूल आणि मांजर घेऊन शिरलात की पहिलं काम आपल्या बॅगा उघडण्याचं नसतं. घरात आधीपासून जे आहे ते उचलायचं, त्याची नोंद करायची आणि मगच आपलं सामान उतरवायचं. हा क्रम उलटा झाला की पहिल्या रात्रीच काहीतरी फुटतं, आणि ते आधीच तडकलेलं होतं हे सांगायला पुरावा उरत नाही.

पैसे भरण्याआधी

‘पाळीव प्राणी चालतील’ या तीन शब्दांवर विसंबू नका. किती प्राणी, कोणते, किती वजनाचे, हे विचारा. प्राण्याला घरात एकटं ठेवलेलं चालतं का, हे तर आधी विचारा. बऱ्याच करारांत त्याला चक्क मनाई असते आणि ते कलम दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत असतं. घरमालकाची परवानगी आणि इमारतीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक हो म्हणतो, पण लिफ्टमध्ये कुत्रा नेऊ देत नाहीत, हे सामान घेऊन दारात उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही. उत्तरं फोनवर मिळाली असतील तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ असा मेल पाठवून ठेवा.

प्राण्यांसाठी चार निरनिराळ्या नावांनी पैसे घेतले जातात: परत मिळणारी जादा अनामत, परत न मिळणारं एकरकमी शुल्क, दर महिन्याचं प्राणी-भाडं आणि जातानाची साफसफाई. यांतलं नेमकं काय आपण भरतोय ते लिहून घ्या. साफसफाईचे पैसे वेगळे भरले असतील तर केस काढण्यासाठी अनामतीतून पुन्हा कापणार का, हा प्रश्न आताच विचारायचा. सोबत असेल तो अंधमार्गदर्शक किंवा तसा प्रशिक्षित मदतनीस कुत्रा असेल, तर अनेक देशांत त्याला पाळीव प्राण्याचे नियम आणि शुल्क लागू होत नाहीत. भरण्याआधी तिथला कायदा पाहा.

मुलांच्या बाबतीत गोंधळ होतो तो माणसं मोजण्यात. तान्हं बाळ मोजतात की नाही, कोणत्या वयापासून मोजतात, हे ठिकाणागणिक बदलतं. ‘बाळाचा पाळणा उपलब्ध’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो मागवा, उघडून उभा केलेला. जाळी फाटलेला घडीचा कॉटही ‘उपलब्ध’ यादीत असतो.

आणखी काही फोटो मागा, जे जाहिरातीत कधीच नसतात: बाल्कनीचा कठडा शेजारी मेजपट्टी धरून, पूर्ण उघडलेली खिडकी, बाहेरच्या दाराचं कुलूप आतल्या बाजूने, घरात जिना असेल तर तो वरून. अलीकडे कीडनियंत्रण केलं आहे का आणि उंदराचं विष कुठे ठेवलं आहे, हेही विचारा. या प्रश्नाला मालक सहसा दचकतात, पण उत्तर देतात. घरात कॅमेरे आहेत का, हेही विचारून घ्या. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली आहे, पण थेट मालकाकडून घेतलेल्या घराला तो नियम लागत नाही.

तुमच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण असेल तर त्यातलं प्राण्यांबद्दलचं कलम वाचा. नखांचे ओरखडे आणि कुरतडणं बहुधा वगळलेलं असतं.

चावी मिळाल्यावरचे पहिले तीन तास

एक मोठं माणूस एकटं आत जातं. मुलं आणि कुत्रा दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर बाहेर फिरायला. मांजर पिंजऱ्यातच, न्हाणीघरात, दार लावून. दुसरं मोठं माणूस नसेल तर सगळ्यांना एका रिकाम्या खोलीत बसवून ती खोली सर्वांत आधी तपासा.

सुरुवात व्हिडिओने. दारावरच्या क्रमांकापासून सुरू करून न थांबवता, प्रत्येक खोली उजवीकडून एक फेरी. मग जवळून: सोफ्याचे हात, टेबलाचे पाय, दारांच्या खालच्या कडा, बाल्कनीच्या दारापुढची फरशी आणि चादर उचलून गादी. आधीच्या कुत्र्याने दार खरवडलेलं असेल तर ते जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असतं, आणि उभ्याने काढलेल्या व्हिडिओत ते दिसत नाही. लाकडी फरशीवर फोनचा टॉर्च आडवा, जवळजवळ जमिनीला टेकवून धरा. वरून न दिसणारे चरे सावलीमुळे उठून दिसतात. गालिचा किंवा कापडी सोफा असेल तर अतिनील टॉर्चने अंधारात पाहा. जुने लघवीचे डाग पिवळसर-हिरवट चमकतात. अर्थात साबणाचे अंशही चमकतात, म्हणून शंका आली की वास घेऊन पाहायचं. सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा. तारीख पडणं महत्त्वाचं.

मग ढेकूण. गादीच्या शिवणीची पट्टी बोटाने उलटी करा, पलंगाच्या डोक्याकडची फळी भिंतीपासून सरकवा, स्क्रूच्या भोकांत उजेड टाका. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके ही खूण. हे होईपर्यंत बॅगा न्हाणीघराच्या फरशीवर ठेवायच्या, पलंगावर नाही.

घर आठवडाभर बंद असेल तर नळांत पाणी साचून राहिलेलं असतं, आणि कोमट साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हे जिवाणू वाढतात. ते श्वासावाटे फुप्फुसात जातात, म्हणून धोका तुषारांचा. खिडकी उघडा, शॉवरचं तोंड बादलीत बुडवून ठेवा आणि गरम-गार दोन्ही पाणी पाच मिनिटं वाहू द्या.

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा (अर्धवट जळलेल्या गॅसमधून होणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म बटण दाबून वाजवून पाहा. गॅसवर चालणारं काही उपकरण घरात असेल आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो मालकाकडून मागा किंवा स्वतः विकत आणा. यात काटकसर नको.

आता गुडघ्यांवर. खरोखर रांगा. पलंगाखाली, सोफ्याच्या गाद्यांच्या फटीत, फ्रिजमागे, सिंकखाली हात घाला. आधीच्या पाहुण्याची गोळी, नाणं, केसांचं रबर, स्टेपलरची पिन, मुंग्यांच्या विषाची डबी: यांतलं काहीतरी सापडतंच. किती लहान वस्तू धोक्याची, यासाठी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्याचं माप पुरे. त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते.

सापडलेल्या वस्तूंत बटण-सेल असेल तर विशेष सावध. भाड्याच्या घरात ते नको तिथे असतात: दिव्याचा चपटा रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, शोभेच्या मेणबत्त्या. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती आतून भाजते. मुलाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय. ज्यांचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही त्या सगळ्या वस्तू उचलून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

शेवटी ‘मालकाचं कपाट’ तयार करा. मुलांचा हात न पोचणारं एक कपाट निवडा. फुलदाण्या, काचेचे पेले, शोभेच्या वस्तू, पांढऱ्या उशा, चांगला गालिचा, सगळं त्यात. पण हलवण्याआधी प्रत्येक फळीचा, प्रत्येक टेबलाचा फोटो घ्या. जाताना तोच फोटो पाहून मांडामांड करायची असते, आणि ‘इथे एक घोडा होता’ असा मेल येण्याची शक्यता संपते. काचेचा टीपॉय जड असेल तर त्याच्या कोपऱ्यात कोरलेली टेम्पर्ड काचेची (फुटली तर बोथट तुकडे होणाऱ्या काचेची) खूण शोधा. ती नसेल तर भिंतीला लावून त्याच्यापुढे खुर्च्या.

कपाटं, खिडक्या, कुलुपं

खणांचं उंच कपाट भिंतीला पट्टीने बांधलेलं नसतं, हेच गृहीत धरून चाला. मूल खालचा खण उघडून त्यावर पाय देतं आणि कपाट अंगावर येतं. भिंतीला भोक पाडायची तुम्हाला मुभा नसते, म्हणून आधी मालकाला पट्टी बसवून द्यायला सांगा. लेखी विचारलं की बहुतेक जण बसवतात. तोवर जड कपडे सगळ्यात खालच्या खणात, वरचे खण रिकामे, कपाटावर टीव्ही, खेळणं किंवा खाऊ काहीही ठेवायचं नाही, आणि खणांना कुलूप. शेजारशेजारच्या दोन मुठी असतील तर जाड रबर किंवा नाडी इंग्रजी आठाच्या (8) आकारात गुंडाळली तरी चालतं. कपाट हलवून डुगडुगतंय असं दिसलं तर ती खोलीच मुलांना बंद.

चिकटवायची बालकुलुपं आणि हुक वापरायचे असतील तर लावण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसा, लावल्यावर पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत ताण देऊ नका. नव्या रंगावर, वॉलपेपरवर आणि कड उचललेल्या व्हिनियरवर ती लावायचीच नाहीत. निघताना ती वरचा थर घेऊनच निघतात.

खिडकीचं माप एकच लक्षात ठेवा: १० सेंटिमीटर. खिडकी याहून जास्त उघडत असेल तर ती अडवायला हवी, आणि कठड्याच्या गजांत याहून जास्त फट असेल तर बाल्कनी मुलांना बंद. मांजराला आणि लहान कुत्र्याला मात्र १० सेंटिमीटरही पुरेसे असतात. त्यांच्यासाठी खालच्या मीटरभर भागाला जाळी केबल टायने बांधा. भिंतीला धक्का लागत नाही आणि जाताना कात्रीने कापून निघते. डासांची जाळी ही जाळी नव्हे. ती मांजराच्या वजनानेही चौकटीतून निघून येते.

वरच्या बाजूने आत झुकणाऱ्या खिडक्या मांजरांसाठी फार वाईट. मांजर वरच्या फटीतून बाहेर जायला पाहतं, घसरतं आणि खाली अरुंद होत जाणाऱ्या खाचेत अडकतं. सुटायला धडपडेल तसं अधिकच खाली जातं. अशा खिडक्या तुम्ही त्याच खोलीत असतानाच उघडायच्या. पडद्यांच्या दोऱ्या आणि मण्यांच्या साखळ्या गुंडाळून जमिनीपासून दीड मीटरच्या वर बांधा, आणि पलंग, खुर्ची, पाळणा खिडकीपासून दूर सरकवा. बाल्कनीतली खुर्ची आत घ्या. कठडा कितीही उंच असो, खुर्ची ती उंची हिरावून घेते.

कुलुपं दोन प्रकारे दगा देतात. बाहेरचं दार आपोआप लागणारं असेल तर तुम्ही कचरा टाकायला गेलात आणि मूल आत, दार बंद, ही वेळ कधीही येते. चावी किंवा कार्ड गळ्यात घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि दुसरी चावी घराबाहेर कुणाकडे तरी असली पाहिजे. आकडे दाबायचं कुलूप असेल तर बॅटरी संपल्यावर ते कसं उघडायचं, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. दुसरं म्हणजे न्हाणीघर. बऱ्याच दारांच्या बाहेरच्या बाजूला एक खाच किंवा बारीक भोक असतं. त्यात नाणं किंवा तार घालून कडी फिरवता येते. एकदा करून पाहा. किल्लीची कुलुपं असतील तर सगळ्या आतल्या दारांच्या किल्ल्या काढून एका पाकिटात ठेवा.

लिफ्टमध्ये कुत्र्याचा पट्टा लांब सोडू नका. कुत्रा आत आणि तुम्ही बाहेर, किंवा उलट, अशा वेळी दार बंद झालं तर बारीक पट्टा सेन्सरला दिसेलच असं नाही. पट्टा आखूड धरायचा आणि दोघांनी एकदमच आत-बाहेर करायचं.

गरम पाणी, शेगडी, झाडं

साठवणीच्या गीझरचं तापमान ६० अंशांवर ठेवतात ते जिवाणू मरावेत म्हणून. ते तुम्ही खाली आणू नका. पण ६० अंशांचं पाणी मुलाची त्वचा काही सेकंदांत भाजतं. नव्या घरात नळाची डावी-उजवी बाजू उलट असू शकते आणि सवयीने हात चुकतो. आधी गार, मग गरम सोडा, ढवळा, कोपराने तपासा. तान्ह्यासाठी ३७-३८ अंश पुरे. मूल आत बसल्यावर नळ सुरू करायचा नाही.

स्पर्शाने चालणारी शेगडी मांजराच्या पंजानेही सुरू होते. तिच्यावरचं कुलपाचं चिन्ह तीनेक सेकंद दाबून धरलं की बटणं बंद होतात, आणि हे प्रत्येक स्वयंपाकानंतर करायचं. शेगडीवर रिकामा डबा, टॉवेल, पुठ्ठा काहीही ठेवू नका. पक्षी पाळला असेल तर घरातले नॉनस्टिक तवे वापरायचेच नाहीत: फार तापलेल्या टेफ्लॉनचा धूर माणसाला जेमतेम जाणवतो, पण पक्षी मिनिटांत दगावतो. डिशवॉशरच्या आणि कपडे धुण्याच्या रंगीत गोळ्या मालकाने सौजन्य म्हणून सिंकखाली ठेवलेल्या असतात. त्या पहिल्याच तासात वरच्या कपाटात.

झाडांत सर्वांत घातक लिली, तीही मांजरासाठी. पान, फूल, अंगावर पडलेला पराग चाटणं, एवढंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करतं. स्वागताचा पुष्पगुच्छ असेल तर तो घराबाहेर. दुसऱ्या खोलीत ठेवून भागत नाही. सायकस कुत्र्यांसाठी विषारी आहे. मनीप्लांट आणि डिफेनबाखिया चावलं तर तोंडाची आग होते, मुलांचीही. स्वागताच्या टोपलीत शुगर-फ्री च्युइंगगम, चॉकलेट किंवा मनुका असतील तर त्या कुत्र्यापासून लांब.

बाळाची झोप

लाकडी पाळण्याच्या गजांत साडेसहा सेंटिमीटरहून जास्त फट नको आणि गादी व चौकट यांमध्ये दोन बोटांहून जास्त जागा नको. घडीचा कॉट उभारताना आधी चारही बाजूंच्या वरच्या दांड्या ‘टक’ आवाज येईपर्यंत ओढायच्या आणि मगच मधला तळ दाबून बसवायचा. उलट केलं तर दांड्या लागल्यासारख्या दिसतात, पण लागत नाहीत, आणि बाळाने भार दिला की कड कोसळते. त्यातली गादी पातळ वाटते म्हणून घरातली दुसरी गादी वर घालू नका. जाळी आणि गादीच्या फटीत तोंड अडकून गुदमरतं. बाळ पाठीवर, अंगावर उशी-रजई नाही.

मोठ्या मुलांच्या अंथरुणासाठी एक युक्ती: गादीवर जलरोधक खोळ, चादर, पुन्हा खोळ, पुन्हा चादर. रात्री दोन वाजता भिजलं तर वरचे दोन थर ओढून काढायचे आणि झोपायचं. खोळ मात्र स्वतःची न्या. घरातली खोळ बऱ्याचदा नुसती सुती निघते.

प्राण्याला घर कळायला लागेपर्यंत

मांजराला पूर्ण घर देऊ नका. एक खोली, त्यात लिटरचा (मांजराच्या शी-शूसाठीच्या मातीचा) ट्रे एका टोकाला, पाणी-खाणं दुसऱ्या टोकाला, लपायला एक खोकं, आणि जुन्या घरातलं न धुतलेलं अंथरूण. हे अंथरूण प्रवासाआधी स्वच्छ धुणं ही हमखास होणारी चूक. त्या वासातच त्याचं घर असतं. लिटर आधीचंच, ब्रँड बदलायचा नाही. दोन-तीन दिवसांनी ते खाऊ-पिऊ लागलं, ट्रे वापरू लागलं की पुढची खोली उघडा.

त्याआधी बिळं बुजवा. सोफा-कम-बेडचं पोट, मागे झुकणाऱ्या खुर्चीची यंत्रणा, पलंगाखालचे खण, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पायाशी असलेल्या पट्टीची फट. शेवटच्या जागेतून मांजर आत गेलं की ती पट्टी उखडावी लागते. टॉवेल गुंडाळून फटी बंद करा. वॉशिंग मशीनचं दार कायम लावलेलं, आणि सुरू करण्याआधी आत हात घालून बघायचं.

कुत्र्याला आत आणण्याआधी वीस-तीस मिनिटं चालवा, शी-शू होऊ द्या, मग पट्ट्यासकट घरभर एक फेरी. अंथरूण बाहेरच्या दारापासून लांब ठेवा, कारण मजल्यावरच्या प्रत्येक पावलाला तो उत्तर देतो. एकटं राहण्याचा सराव पहिल्याच दिवसापासून: अर्धा मिनिट, दोन, पाच, पंधरा, तीस. घरात फोनवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा. तक्रार येईपर्यंत आपला कुत्रा भुंकतो हे मालकाला ठाऊकच नसतं, म्हणजे कुत्र्याच्या मालकाला.

नव्या जागेत शांत कुत्राही आपल्या वाटीवरून, अंथरुणावरून गुरगुरू शकतो. त्याला खायला बंद दाराआड किंवा गेटपलीकडे द्या, आणि एक कोपरा असा ठेवा जिथे मुलांनी जायचंच नाही. पहिला आठवडा मूल आणि प्राणी एका खोलीत एकटे नकोत. दाबून बसवायचं बेबी गेट दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीत उत्तम. जिन्याच्या वरच्या टोकाला ते लावू नका; भाराने निसटतं, आणि खालच्या दांडीला मोठ्यांचा पाय अडखळतो.

सोफा, फरशी आणि खालचे शेजारी

सोफ्यावर स्वतःची जाड चादर गादीखाली खोचून घाला. मांजरासाठी खरवडायचा खांब सोफ्याच्या हाताशेजारीच, निदान ८० सेंटिमीटर उंच. आखूड खांबावर अंग ताणता येत नाही म्हणून ते सोफ्याकडे वळतं. तुमच्या घरून निघण्याच्या आदल्या दिवशी नखं कापा. ओरखडे टाळायला सोफ्यावर लावतात ती दुहेरी चिकटपट्टी चामड्यावर लावू नका.

व्हायनिल फरशीवर रबराच्या पाठीचं पायपुसणं किंवा मॅट पसरू नका. रबरातली रसायनं व्हायनिलमध्ये उतरतात आणि पिवळा डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारण तो फरशीच्या आत असतो. विणलेल्या पाठीची मॅट घ्या. लाकडावर फोमच्या मॅट घातल्या तर आठवड्यातून एकदा उचलून खाली हवा लागू द्या. फोममुळे खेळणी पडण्याचा टणटणाट कमी होतो. मुलांच्या धावण्याचा धप-धप मात्र तो फारसा अडवत नाही. तो हादरा स्लॅबमधून खाली जातो. त्यावर उपाय वेळेचा: सकाळी आठच्या आत आणि रात्री नऊनंतर पळापळी बंद, आणि पहिल्याच दिवशी खालच्या घराचं दार वाजवून आपला नंबर देणं. माणूस ओळखीचा झाला की तक्रार मालकाकडे जाण्याआधी तुमच्याकडे येते.

लघवीचा डाग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

अनामतीला सगळ्यात जास्त कात्री लागते ती इथे, आणि डागापेक्षा चुकीच्या सफाईनेच नुकसान वाढतं. हे सामान घरात असू द्या: पांढरी सुती फडकी सहा-सात, एन्झाइम असलेलं क्लीनर एक लिटर, प्लास्टिकचा कागद.

पहिल्या मिनिटात घासायचं नाही. कोरडं पांढरं फडकं चार पदरी घडी करून डागावर ठेवा आणि टाचेने अर्धा मिनिट दाबून उभे राहा. फडकं बदला, पुन्हा. ते कोरडं निघेपर्यंत. रंगीत फडकं नको, त्याचा रंग उतरतो. मग थोडं गार पाणी, पुन्हा टिपणं, कडेकडून मध्याकडे.

एन्झाइमचं क्लीनर आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून रंग जातो का पाहा. मग डागावर वरवर फवारा मारू नका. लघवी जितकी खोल गेली तितकंच खोल हे गेलं पाहिजे. म्हणजे गालिच्यात डागापेक्षा दोन बोटं मोठ्या वर्तुळात ओतायचं. डबीवर लिहिलेला वेळ द्या, निदान पंधरा मिनिटं. वरून प्लास्टिक झाका म्हणजे सुकणार नाही. सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. नंतर टिपून आपोआप वाळू द्या. वाळताना वास थोडा वाढतो, ते अपेक्षित आहे. दुसऱ्या दिवशीही वास असेल तर तीच कृती परत.

वाफेचं मशीन वापरू नका, उष्णतेने डाग आणि वास धाग्यात पक्का बसतो. अमोनियाचं क्लीनर प्राण्याला लघवीसारखंच वाटतं आणि तो पुन्हा तिथेच येतो. ब्लीच तर नकोच: लघवीतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामिनचा वायू होतो, जो बंद खोलीत मुलांच्या श्वासाला घातक. लाकडी फरशीवर वेळ फार थोडा असतो. पट्ट्यांच्या सांध्यात उतरलेली लघवी ओकसारख्या लाकडाला काळं करते आणि मग ती पट्टी बदलण्यावाचून इलाज नसतो.

घरात शिकवलेला कुत्रा किंवा ट्रे वापरणारं मांजर अचानक भलतीकडे करू लागलं तर आधी तिथे जुना वास आहे का पाहा. मांजर, विशेषतः बोका, वारंवार बसून एखादाच थेंब करत असेल तर वर्तनाचा विचार नंतर, पशुवैद्य त्याच दिवशी.

काही मोडलं-फाटलं तर त्याच दिवशी फोटोसकट कळवा आणि बदलून आणण्याआधी विचारा. तुम्ही आणलेला ‘तसाच’ पेला मालकाच्या संचाशी जुळत नाही.

निघताना

आठवडाभर आधी मालकाकडून निघण्याची यादी मागवा. तीन दिवस आधी चिकटवलेलं काढायला घ्या: हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करून हळूहळू, पृष्ठभागाला समांतर ओढायचं, आपल्याकडे सरळ खेचलं तर रंग निघतो. ताणून काढायच्या पट्ट्या मात्र गरम न करता, शेपटी भिंतीलगत खाली ओढून काढतात.

केसांसाठी ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवा, केसांची वळकटी होते. चादरी धुण्याआधी ड्रायरमध्ये दहा मिनिटं फिरवा. ओले केस कापडाला चिकटतात आणि मशीनचा नळ तुंबवतात. एसीची जाळी, वॉशिंग मशीनचा फिल्टर आणि न्हाणीघराच्या निचऱ्याची जाळी या तीन ठिकाणांचे केस दिसले की मालक बाकीचं घरही संशयाने पाहतो. गुठळ्या होणारं लिटर संडासात टाकू नका.

शेवटच्या दिवशी मुलं आणि प्राणी पुन्हा बाहेर. मालकाचं कपाट उघडा, फोटो बघून सगळं जागेवर लावा, आणि पहिल्या दिवशीच्याच वाटेने तोच व्हिडिओ परत काढा, मीटरच्या आकड्यांसकट. अनामत कधी परत मिळणार, याची तारीख लेखी मागा. कपात झालीच तर वस्तूगणिक हिशेब आणि फोटो मागायचे; पाच वर्षं वापरलेल्या सोफ्यासाठी नव्या सोफ्याची किंमत लावली असेल तर सामान्य झीज वजा करायला सांगा.

मांजर पिंजऱ्यात बसलं की, दार ओढून घेण्याआधी, गळ्यातल्या बिल्ल्यावरचा पत्ता आणि मायक्रोचिपच्या नोंदीतला संपर्क बदला. चिपमध्ये १५ आकडी क्रमांक तेवढा असतो, पत्ता नसतो. हरवलेलं मांजर कुणी दवाखान्यात नेलं तर फोन नोंदीत जो नंबर आहे त्यालाच जातो.